नियम आधी ठरवा, मते मग मागा

पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. याच काळात स्वारगेटचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले. वर जेधे चौकातल्या कोंडीचा जाब विचारावा, तर लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. मुदत संपण्याआधी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असे राज्यघटना बजावते. तरीही मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले.

निवडणूक अडवणारा ओबीसी आरक्षणाचा पेच खरा होता. पण त्याच्या जोडीला प्रभागरचनेचा घोळ घातला तो राज्यकर्त्यांनीच. पुण्यात २००२ मध्ये प्रभाग तीन सदस्यांचा, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. पुढच्या वेळी पुन्हा तिघांचा ठरला. सरकार बदलले आणि परत चौघांचा झाला. मार्च २०२२ मध्ये तर विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला, तोही एकमताने! मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणे दाबतो आणि ड्रेनेज तुंबले की नेमके कोणाला धरायचे, हे त्याला कळत नाही.

मतदानाचा नियम निकाल कसा फिरवतो, हे अमेरिकेने यादवी युद्धानंतर अनुभवले. फुटून निघालेल्या दहा राज्यांना पुन्हा प्रतिनिधित्व देण्यासाठी तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, मार्च १८६७ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून कायदा केला आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मत दिले. मात्र राज्याची नवी घटना मंजूर व्हायला नोंदलेल्या मतदारांपैकी किमान निम्म्यांनी मतदान करण्याची अट होती. अलाबामात फेब्रुवारी १८६८ मध्ये विरोधक घरीच बसले आणि मत न देता त्यांनी घटना अडवली. पुढच्याच महिन्यात काँग्रेसने नियम बदलला: झालेल्या मतदानातले बहुमत पुरे. त्यात काँग्रेसमधल्या बहुमताच्या पक्षाचा स्वार्थही होता. पण त्या बदलाने मतदाराचे मत मोजले गेले. पुढे दक्षिणेतल्या विधिमंडळांनी मतदान कर आणि साक्षरतेच्या चाचण्या लादून तेच मत हिरावले. ते खऱ्या अर्थाने परत मिळायला १९६५ उजाडले.

स्वारगेटजवळच्या गंज पेठेत राहणाऱ्या जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केले होते. पुढे ते पुणे नगरपालिकेत आले ते सरकारनियुक्त सदस्य म्हणून. नेमणुकीकडून निवडणुकीकडे यायला या शहराला फार मोठी वाट चालावी लागली. ती वाट चार वर्षे उलटी चालवण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.

म्हणून विधिमंडळाने प्रभागाचा आकार कायद्याने कायमचा ठरवावा आणि रचनेचे काम आयोगाकडे परत द्यावे. बदल करायचाच असेल, तर तो येत्या नव्हे, त्यापुढच्या निवडणुकीपासून लागू व्हावा. आताच्या सभागृहाची मुदत २०३१ मध्ये संपेल. नियम पक्के करण्याची वेळ आज आहे. निवडणूक तोंडावर आल्यावर ते कोणीही करणार नाही.