कुलपाचे पैसे

अमेरिकेचं सरकार प्रार्थनास्थळांना कुलपासाठी पैसे देतं. कुलपं, कॅमेरे, लोखंडी दारं, सहजी न फुटणाऱ्या काचा, मोटार आत घुसू नये म्हणून फाटकापुढं रोवलेले खांब, आणि गोळीबार सुरू झाला तर कुठं पळायचं याचं शिक्षण. चर्च, सिनेगॉग, मशीद, गुरुद्वारा, देऊळ, शिवाय धर्मादाय संस्था, सगळ्यांना अर्ज करता येतो. योजनेचं नाव नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम. २००५ साली सुरू झाली तेव्हा अडीच कोटी डॉलर. २०१८ ला सहा कोटी. २०२३ ला साडेतीस कोटी. २०२४ ला ४५ कोटी ४५ लाख. दोस्तांनो, हा आकडा कशाचा? त्या देशात द्वेष किती पिकला त्याचा हा सातबारा आहे.

आपल्यातल्या काही शहाण्या पोरांना ही योजना फार आवडली. म्हणे, बघा, तिकडं सरकार कशी काळजी घेतं. आपणही मागू. विहारांना कॅमेरे द्या, पुतळ्यांना कुंपण द्या. मला या पोरांशी भांडायचं आहे. पैशाशी भांडण नाही. पैसा लोकांचाच, तो घ्यावाच. पण धोका कुणापासून आहे, हे ठरवायचा अधिकार ज्याच्या हातात जातो त्याच्याशी माझं भांडण आहे.

आधी जुना हिशेब. १५ सप्टेंबर १९६३. अलाबामातलं बर्मिंगहॅम. त्या शहरात काळ्यांच्या घरांवर इतके बॉम्ब पडत की लोक त्याला बॉम्बिंगहॅम म्हणत. रविवारी सकाळी सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये डायनामाइट उडालं आणि चार मुली मेल्या. कुणी केलं याचा एफबीआयला अंदाज होता. तरी पहिली शिक्षा व्हायला १९७७ साल उजाडलं. १४ वर्षं! पुढच्या दोघांना तर २००१ आणि २००२ मध्ये. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत काळ्यांचं माउंट झायन चर्च जाळलं. त्याची चौकशी करायला गेलेल्या तीन कार्यकर्त्यांचे मुडदे मातीच्या बांधाखाली सापडले. त्यांना पकडून क्लॅनच्या हवाली करणारा कोण होता? डेप्युटी शेरीफ. म्हणजे पोलीस. म्हणजे ज्याच्याकडं तक्रार घेऊन जायचं तोच.

आता या योजनेचा अर्ज बघा. संस्थेला कुणाकडून धोका आहे, पूर्वी काय घडलं, पोलिसांत काय नोंदलं, इमारतीच्या कमजोर जागा कुठल्या, हे सगळं लिहून द्यायचं. मग राज्य सरकार छाननी करणार, मग वॉशिंग्टन. मंजूर झालं तर आधी पदरचा पैसा खर्च करा, पावत्या लावा, सरकार मागाहून भरून देईल. एका जागेला किती मिळणार यालाही मर्यादा. म्हणजे ज्याच्या गल्ल्यात आधीच पैसा आहे, ज्याच्याकडं वकील आणि इंग्रजीत अर्ज रंगवणारा माणूस आहे, त्याचं दार आधी मजबूत होणार. भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या चर्चनं पावती कुठून आणायची? २०२४ मध्ये आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून कमी पास झाले. आणि २०२५ च्या मार्चमध्ये सरकारनं पैसे देणंच मध्येच थांबवलं. ज्यांनी उसनवारी करून दारं बसवली ते पावत्या हातात धरून बसले.

सुरुवातीच्या वर्षांत बहुतेक पैसा ज्यू संस्थांना गेला. इथं आपल्याकडच्या कुणी जीभ सैल सोडू नये. त्यांच्या संघटनांनी ही योजना भांडून मिळवली. ज्यांची ६० लाख माणसं मारली गेली त्यांनी दाराला कडी मागितली तर कुणाच्या बापाचं काय जातं? प्रश्न वेगळा आहे. २०१७ पर्यंत योजना फक्त सरकारनं ठरवलेल्या मोठ्या शहरी पट्ट्यांपुरती होती, आणि धोका म्हणजे अतिरेकी हल्ल्याचा धोका, एवढाच अर्थ. खेड्यातलं काळ्यांचं लाकडी चर्च शंभर वर्षं जळत आलं, ते या व्याख्येत बसेना. २०१९ मध्ये लुइझियानात दहा दिवसांत काळ्यांची तीन जुनी चर्चं जळाली. जाळणारा पोरगा डेप्युटी शेरीफचा मुलगा निघाला. बापाचा हात नव्हता, हेही सांगतो. पोराला म्हणे नॉर्वेत चर्चं जाळणाऱ्या संगीतवाल्यांसारखं नाव कमवायचं होतं. नाव कमवायला त्याला काळ्यांचीच चर्चं बरी सापडली.

आणि कुलूप लावून तरी काय? १७ जून २०१५ ला चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये एक गोरा पोरगा बायबलच्या अभ्यासाला आला. त्याला बसायला जागा दिली, पुस्तक दिलं. तो तासभर बसला. मग नऊ माणसं मारली. दार उघडंच होतं, कारण चर्चचं दार उघडंच असतं. खरं कुलूप दुसरीकडं लावायचं होतं, बंदुकीच्या दुकानाला. त्या पोराला पिस्तूल मिळायलाच नको होतं. एफबीआयच्या तपासणीत चूक झाली. २०२१ मध्ये सरकारनं मेलेल्यांच्या कुटुंबांना आणि वाचलेल्यांना आठ कोटी ऐंशी लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. माणूस मेल्यावर सरकारचा हात सैल सुटतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

२७ ऑक्टोबर २०१८, पिट्सबर्ग, ट्री ऑफ लाइफ सिनेगॉग, ११ मेले. मारणाऱ्याचा राग कशावर होता? ज्यू संस्था निर्वासितांना मदत करतात यावर. परदेशातून येणाऱ्या माणसाला घर दिलं म्हणून मेलेली ही माणसं. आणि २०२५ मध्ये होमलँड सिक्युरिटी खात्यानं अनुदानांच्या अटींत कलमं घातली की इमिग्रेशनच्या कारवाईला सहकार्य करा. राज्यं कोर्टात गेली, सप्टेंबरात ऱ्होड आयलंडच्या फेडरल न्यायाधीशानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. पण सिनेगॉगांत जो वाद पेटायचा तो पेटलाच. कडी हवी असेल तर पाहुण्याला धरून द्या! असला सौदा कुठल्या पाटलानं कुणाला घातला नसेल असं नाही, पण त्यानं निदान त्याला सुरक्षा म्हटलं नसेल.

मुसलमानांचं तर विचारू नका. २००१ नंतर न्यूयॉर्कच्या पोलिसांनी मशिदींत खबरे पेरले. कोण काय बोलतो, कोण कुठं चहा पितो, याच्या नोंदी ठेवल्या. २०११ मध्ये ते पत्रकारांनी उघडं पाडलं. त्याच मशिदींनी आता त्याच सरकारला आपल्या कमजोर दाराचा नकाशा लिहून द्यायचा. २०२५ मध्ये मुस्लिम संस्थांशी जोडलेल्या ४९ प्रकल्पांचे पैसे रद्द झाल्याची बातमी आली, दहशतवाद्यांशी संबंधाचा आरोप लावून. काल धोक्यात असलेला आज स्वतःच धोका!

आणखी एक गंमत, तोंडात कडू चव आणणारी. तिकडं हिंदू देवळंही या पैशाला पात्र आहेत. असावीतच. दगड काचेवर पडला की काच फुटते, ती कुणाची हे बघत नाही. पण त्याच अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घाला असं विधेयक आलं तेव्हा हिंदू संघटनाच विरोधात उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपाल न्यूसम यांनी त्यावर सही करायचं नाकारलं. गोऱ्यापुढं आम्ही अल्पसंख्य, आम्हाला संरक्षण द्या. आणि आमच्यातल्या दलितानं संरक्षण मागितलं की तो फूट पाडतो. वा रे वा!

ज्यांच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत आपलं नाव पडलं त्यांचं पूर्ण नाव ठाऊक आहे का? ब्लॅक पँथर पार्टी फॉर सेल्फ-डिफेन्स. १९६६, ओकलंड. त्याच्या दोन वर्षं आधी लुइझियानात डीकन्स फॉर डिफेन्स उभे राहिले. गिरणीत राबणारी, युद्धावरून परतलेली काळी माणसं. बंदुका घेऊन रात्रभर कार्यकर्त्यांची घरं राखायची. त्यांनी कुणाला अर्ज केला नाही. आणि सरकारनं काय केलं? ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोच्या पोलिसांनी पँथर फ्रेड हॅम्प्टनला त्याच्या अंथरुणात गोळ्या घातल्या. वय २१. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्यानं पुरवला होता. कमजोर जागा कुठल्या, ते लिहून.

आपल्याकडं येतो. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात बदायूंला बाबासाहेबांच्या पुतळ्याला लोखंडी पिंजरा घातला. संरक्षण म्हणे. तमिळनाडूत तर असे पिंजरे कितीतरी. पुतळा फोडणारा मोकळा, पुतळा गजाआड. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातला, वस्ती रस्त्यावर आली, आणि सरकारी बंदुकांनी वस्तीतली दहा माणसं मारली. ज्या पोरांना विहाराच्या दाराशी कायमचा पोलीस हवाय त्यांनी रमाबाई नगरात जाऊन म्हाताऱ्यांना विचारावं.

आणि आपल्याकडं कायदाच नाही असंही नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम तिसरा काढा. सरकारनं अत्याचाराची भीती असलेली क्षेत्रं शोधायची. गरज वाटली तर तिथल्या दलित-आदिवासी नसलेल्यांचे बंदुकीचे परवाने रद्द करायचे, त्यांच्या बंदुका सरकारी कोठारात जमा करायच्या, बेकायदा शस्त्रं जप्त करायची. आणि गरज वाटली तर दलितांना, आदिवासींना परवाने द्यायचे. वाचा, परत वाचा. अमेरिका मार खाणाऱ्याच्या दाराला कडी लावते. आपला नियम मारणाऱ्याच्या हातातली बंदूक काढून घ्या म्हणतो. कागदावर म्हणतो.

तेव्हा कॅमेऱ्याचा अर्ज लिहायला बसलेल्या पोरांनो, एक दिवस तो बाजूला ठेवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहा, दहा रुपयांत होतो. आपल्या जिल्ह्यात कुठली गावं अशी क्षेत्रं म्हणून ठरवली, तिथं किती परवाने रद्द केले, किती बंदुका जमा झाल्या, त्या कुणाकुणाच्या, हे कलेक्टरला विचारा. उत्तर आलं की घेऊन या, पुढच्या अंकात छापू. आलं नाही तर तेही छापू.