घोडमुळा

आमच्या लातूरच्या घरामागे एक शेवगा आहे. परवा त्याच्या खुनाचा कट आमच्याच स्वयंपाकघरात शिजला. सूत्रधार इंग्लंडहून आलेला माझा मेव्हणा. "दाजी, इंग्रजीत याला हॉर्सरॅडिश ट्री म्हणतात. मूळ खणा, किसा, व्हिनेगर घाला, झाला सॉस!" असे म्हणून पठ्ठ्या शेजारून कुदळसुद्धा घेऊन आला.

हॉर्सरॅडिश म्हणजे मोहरीच्या कुळातले एक जाडजूड मूळ. आपल्याकडे जशी घोडचूक, तसा तिकडचा हा घोडमुळा. साहेब तो परसात लावतो, थंडीच्या तोंडावर खणतो आणि किसतो. किसेपर्यंत मूळ अगदी गरीब असते. किसले की झणझण सुटते आणि व्हिनेगर पडले की आहे तिथे थांबते. मग साहेब ते भाजलेल्या गोमांसाबरोबर खातो आणि नाक पुसतो. हिंदुस्थानात घोडमुळा मिळेना, तेव्हा त्याने शेवग्याचे मूळ किसून पाहिले. नाकाला झोंबले. एवढ्या भांडवलावर अख्ख्या झाडाला त्याने हे नाव चिकटवले!

आता तुम्हीच सांगा, ज्याच्या शेंगा आमटीत, फुले आणि पाला भाजीत, त्याची ओळख मुळावरून करायची? आमच्या बँकेच्या भाषेत हे व्याज सोडून मुद्दल खाणे झाले. शिवाय त्या मुळाच्या सालीत विषारी द्रव्ये असतात, ते वेगळेच.

शेवगा काही संत नव्हे. लाकूड ठिसूळ, एका वादळात त्याची फांदी थेट माझ्या स्कूटरवर आली. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांची सभा भरते. पण नांदेडहून बदली झाली तेव्हा आईने टेम्पोत कपाटाच्या आधी तिथल्या शेवग्याची फांदी चढवली होती. तिचेच हे झाड. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी येत होते, तेव्हा याच्या वाट्याला आले ते तांदूळ धुतलेले पाणी. तेही आई मोजून घालायची. तरी गड्याने शेंगा दिल्या. आई आता नाही.

आणि झणझणीच हवी तर मोहरी फेसा की! सौ.ने त्या दिवशी काकडीच्या कोशिंबिरीत फेसलेली मोहरी घातली. पहिल्याच घासाला मेव्हण्याच्या डोळ्यांतून धारा. "ताई, अगदी तिकडच्यासारखं गं!"

"तिकडचं इकडच्यासारखं असेल," सौ. म्हणाली आणि त्याला आणखी वाढली.

कुदळ मी स्वतः शेजारी पोचवून आलो. मेव्हणा जाईपर्यंत ती कुणालाही उसनी देऊ नका, असे बजावूनही आलो.