'स्मार्ट' कोण?

क्यूबेकमधील बहुसंख्य घरे विजेवर तापतात. भिंतीच्या पायथ्याशी बेसबोर्ड हीटर आणि खोलीगणिक एक थर्मोस्टॅट, अशी तिथली जुनी रचना. आता या थर्मोस्टॅटला 'स्मार्ट' हे विशेषण लागले आहे. त्याला आमची हरकत आहे. अशा हीटरमध्ये एक युनिट वीज गेली की एक युनिटच उष्णता निघते. भिंतीवरचे यंत्र कितीही हुशार असले तरी हे गणित बदलत नाही. खोली कमी तापवणे किंवा वेगळ्या वेळी तापवणे, एवढेच त्याच्या हाती. रिकाम्या घरात तेही थोडे नव्हे.

पण हायड्रो-क्यूबेकच्या 'हिलो' सेवेत, कडाक्याच्या थंडीत विजेची मागणी शिगेला पोहोचली की, तापमान दुरून उतरवले जाते. ग्राहकाची संमती असते, मोबदला मिळतो, माघारही घेता येते, हे मान्य. अशा यंत्राला आम्ही फार तर 'आज्ञाधारक' म्हणू. शिवाय संमती खातेदाराची आणि गारठा दिवसभर घरात असणाऱ्या वृद्धेचा! तापमान वाढवणे तिला अशक्य नाही. पण मुलाचा मोबदला घटेल म्हणून ती बहुधा शालच घट्ट ओढून घेईल.