पडद्यामागचा दुभाष्या

परप्रांती राहणाऱ्या मनुष्यास दुभाष्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. भोपाळात वास्तव्य करणाऱ्या आम्हां कोंकणी मंडळींच्या घरी एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी आणि कचेरीत बहुधा चौथी चालते. तरीही व्यवहार अडत नाही, कारण दोन्ही बाजूंची बोली जाणणारा कोणीतरी मध्ये उभा असतो. संगणकाच्या पेटीतही असाच एक दुभाष्या काम करीत असतो. त्यास ड्रायव्हर असे म्हणतात. त्याच्याविषयी चार शब्द लिहिण्याची आज निकड आहे, असे आम्हांस वाटते.

संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मुख्य आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम ही संज्ञा आहे. विंडोज ही सर्वांच्या परिचयाची, लिनक्स थोड्यांच्या, आणि फ्रीबीएसडी किंवा हायकू यांची नावे तर फारच थोड्यांनी ऐकली असतील. कारभारी कितीही हुशार असला, तरी चित्रे काढणारी चिप, आवाज काढणारी चिप, छपाईयंत्र या प्रत्येकाची बोली निराळी असते. ती जाणणारा लहानसा प्रोग्रॅम म्हणजेच ड्रायव्हर. त्यांतही चित्रांचा, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर रचण्यास सर्वांत कठीण. तो नसला म्हणजे पडदा अगदीच काळा राहतो असे नाही. परंतु अक्षरे बेढब दिसतात, चित्रफीत अडखळते, प्रोजेक्टर जोडला तरी भिंतीवर काही उमटत नाही आणि चित्रांचा सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडून पंखा घरघरू लागतो. मग आपण म्हणतो, ‘ही सिस्टिमच वाईट!’ नाचता येईना अंगण वाकडे, या म्हणीत आपण नेहमी नाचणाऱ्यास हसतो. येथे मात्र अंगण खरोखरच वाकडे आहे काय, हे पाहिले पाहिजे.

हा विषय आजच काढण्याचे कारण असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपविला. पुढच्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो; त्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक त्या पंक्तीत बसत नाहीत. अशी कितीतरी यंत्रे शाळांच्या संगणककक्षांत आणि मध्यमवर्गीय घरांत आहेत. त्यांची कळफलके शाबूत आहेत, पडदे स्वच्छ आहेत. ती भंगारात घालावयाची की दुसऱ्या सिस्टिमवर चालवावयाची, हा प्रश्न प्रत्येक शाळेपुढे आणि पालकांपुढे आहे. या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी त्या दुभाष्याच्या हाती आहे.

तो दुभाष्या असणे वा नसणे कशावर अवलंबून असते? आमच्या मते, यंत्रभाग बनविणारा कारखानदार त्याची बोली उघड करतो की दडवून ठेवतो, यावर. याचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या खेड्यातील लहानशा शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ संगणक मुलांच्या हाती आले. त्यांवर लिनक्स होते. त्यांतील एएमडी कंपनीच्या जिओड चिपची माहिती प्रसिद्ध होती. म्हणून उन्हातही वाचता येणाऱ्या त्या आगळ्या पडद्यासाठी खुला ड्रायव्हर लिहिता आला. त्याच यंत्रातील बिनतारी जाळ्याची चिप मात्र मार्व्हेल कंपनीची. तिच्या पोटातील आज्ञावली बंद होती. ती काम करी. परंतु तिच्यातील दोष बाहेरच्या कोणास दुरुस्त करता येत नसे. ओपनबीएसडी या सिस्टिमचे प्रमुख थिओ द राट यांनी २००६ मध्येच यावर जाहीर टीका केली होती. एकाच पेटीत एक दार उघडे आणि एक दार कुलूपबंद! मुलांनी यंत्राचे अंतरंग शिकावे या हेतूने निघालेल्या योजनेसही हे कुलूप काढता आले नाही.

मोठ्या बाजारातही हेच दिसते. एएमडीने सप्टेंबर २००७ मध्ये आपल्या ग्राफिक्स चिपांची माहिती उघड करण्याचे जाहीर केले. त्याचे फळ असे, की दहा-पंधरा वर्षांपूर्वीची रेडिऑन कार्डे आजही नव्या लिनक्सवर चित्रे काढतात. एनव्हिडिया कंपनीने दीर्घकाळ आपले ज्ञान स्वतःपाशीच ठेवले. तेव्हा काही स्वयंसेवकांनी, जी बोली कोणी शिकवीत नाही ती नुसती ऐकून शिकावी त्याप्रमाणे, त्या चिपांचे वर्तन न्याहाळून ‘नूवो’ नावाचा ड्रायव्हर रचला. २०१० मध्ये त्यास लिनक्समध्ये स्थान मिळाले. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधील एका व्याख्यानात या कंपनीवर भर सभेत संताप व्यक्त केला. पुढे मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा एक भाग खुला केला, पण तो २०१८ पासूनच्या चिपांपुरता. त्याआधीची, २०१० च्या सुमाराची फर्मी पिढीची कार्डे ज्या ड्रायव्हरवर अवलंबून होती, त्याचा आधार कंपनीने २०२२ अखेर थांबविला. यंत्र जिवंत, पण दुभाष्या निवृत्त!

यावर कोणी म्हणेल, ‘कारखानदाराने पैसा व बुद्धी खर्चून जे घडविले, ते जगास का सांगावे? आणि मूठभर लोकांच्या सिस्टिमसाठी त्याने का झिजावे?’ आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि आम्ही चिप कशी घडवावी याचे रहस्य मागत नाही. तिच्याशी कसे बोलावे एवढेच मागतो. शिवणयंत्र विकणाऱ्याने दोरा कोठून ओवावा हे सांगितले, म्हणून त्याचा कारखाना लुटला जात नाही. शिवाय उघड केलेले ज्ञान एकाच घरी राहत नाही. लिनक्ससाठी लिहिलेले ग्राफिक्स ड्रायव्हर फ्रीबीएसडी आपलेसे करते. फ्रीबीएसडीचे जाळ्याचे ड्रायव्हर हायकूस उपयोगी पडतात. एका विहिरीवर तीन गावे पाणी भरतात.

लहान सिस्टिमांची आपणांस काय गरज, असेही विचारले जाईल. ज्यांची भाषा लहान आहे त्यांनी तरी हे विचारू नये. सी-डॅक या आपल्या शासकीय संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय सिस्टिम काढली. तिच्यात मराठीबरोबर कोंकणीसही स्थान मिळाले. कोणाच्या परवानगीवाचून आपली भाषा यंत्रात आणता यावी, हे मोठे स्वातंत्र्य आहे. परंतु दुभाष्या परक्याच्या मुठीत असेल, तर ते स्वातंत्र्य पडद्यापर्यंत पोहोचतच नाही.

यास्तव पालकांस आणि शाळांच्या चालकांस आमची विनंती अशी, की नवा संगणक घेताना केवळ किंमत व वेग विचारू नये. यातील ग्राफिक्स आणि वाय-फायची चिप कोणती, आणि तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे काय, हेही विचारावे. उत्तर न देणाऱ्या दुकानातून पुढच्या दुकानात जावे. शासनानेही खरेदीच्या निविदांत ही अट घालावी. हजारो यंत्रे घेणाऱ्याचा शब्द कारखानदार टाळू शकत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातीही काही आहे. जुना संगणक टाकून देण्यापूर्वी लिनक्स घातलेला पेनड्राइव्ह लावून तो सुरू करून पाहा. तसे करताना ‘इन्स्टॉल’ हा पर्याय निवडला नाही तर आतील सामग्रीस धक्का लागत नाही. पडदा पूर्ण आकारात येतो काय, चित्रफीत सुरळीत चालते काय, आवाज, वाय-फाय, प्रोजेक्टर चालतात काय, हे क्रमाने तपासा. अडल्यास चिपचे नाव व आलेला संदेश अचूक टिपून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांस कळवा. नेटकी तक्रार हीसुद्धा विद्येची सेवाच होय. तुमच्यांतील एखादा पुढे स्वतःच असा दुभाष्या घडवील. ज्या यंत्राची बोली आपणांस कळते, तेच यंत्र खऱ्या अर्थाने आपले.