'वेगाचं जनुक' आणि मेरिटची थाप

ऑलिम्पिक आलं की हमखास ऐकू येतं, "काळ्यांच्या रक्तातच वेग असतो." आता त्यावर विज्ञानाचा मुलामा चढवला जातो. एसीटीएन३ हे जनुक वेगवान स्नायूंसाठी अल्फा-अ‍ॅक्टिनिन-३ हे प्रथिन बनवतं. युरोपीय वंशाच्या सुमारे १८ टक्के लोकांत ते बनतच नाही, केनियात मात्र असे लोक जेमतेम १ टक्का. झालं, "वेगाचं जनुक" सापडलं!

मग केनियाचं नाव १०० मीटरऐवजी मॅरेथॉनमध्ये का गाजतं? आणि उरलेल्या ८२ टक्के युरोपीयांतही हे प्रथिन आहेच की! जमैकाचे अव्वल धावपटू तपासले, तर तिथल्या सामान्य माणसांपेक्षा या जनुकात लक्षणीय फरक सापडला नाही. पण त्या देशात शालेय मैदानी स्पर्धा १९१० पासून भरतात. ते कुणी सांगत नाही.

हा डाव आपल्या ओळखीचा आहे. रिस्लेने नाकं मोजून जातींना वंश चिकटवले. बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांचीच मोजमापं मांडून तो सिद्धांत मोडीत काढला.

मित्रांनो, मेरिट रक्तात असतं म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: मैदान कुणाला मिळालं आणि कुणाला नाकारलं?

जय भीम!