ब्रॉयलरच्या खाद्यात आधी खनिज, मग तेल

चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा व आसपासची गावे ही धानाची गावे होत. धान कुटल्यावर उरलेला कोंडा कोंबड्यांपुढे टाकण्याची रीत येथे जुनी आहे. गावठी कोंबडी दिवसभर उकिरड्यावर व बांधावर हिंडून किडे, गोगलगायी, कोवळा पाला टिपते आणि आपली उणीव आपणच भरून काढते. परंतु जो शेतकरी जोडधंदा म्हणून शेदोनशे ब्रॉयलर पिले आणतो, त्याने हाच हिशेब लावला तर तो फसतो. चाळीसेक ग्रॅमचे हे पिलू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जाते. भिंतीआड वाढणाऱ्या या पक्ष्यास आपण देऊ तेवढेच मिळते.

या धंद्यातील सुमारे दोन-तृतीयांश खर्च खाद्यावर होतो. म्हणून विकतच्या खाद्यात चौथा हिस्सा कोंडा मिसळावा, ऊर्जा कमी पडू नये म्हणून वर तेल ओतावे आणि पाय लुळे पडू लागले की मूठभर चुना टाकावा, असा सल्ला गावोगावी ऐकू येतो. खेदाची गोष्ट ही की, आपल्यापैकी काही विस्तार कार्यकर्तेही तो देतात. माझ्या मते या सल्ल्याचे तिन्ही भाग एकमेकांस मारक आहेत.

प्रथम कोंड्याचा विचार करू. त्यात फॉस्फरस दीड टक्क्याच्या आसपास असतो. हा आकडा पाहून माणूस भुलतो. पण त्यातील बहुतेक भाग फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि तो सोडविणारे विकर पिलाच्या पोटात पुरेसे नसते. उलट हे फायटेट कॅल्शियम व जस्तही अडवून धरते. भारतीय मानक १३७४ (२००७) प्रमाणे ब्रॉयलरच्या खाद्यात कॅल्शियम किमान १ टक्का व उपलब्ध फॉस्फरस किमान ०.४५ टक्के हवा. चौथा हिस्सा कोंडा पडला की हे प्रमाण ढळते. त्यातच लहान गिरणीतील कोंड्यात तूस दळून मिसळलेले असते, त्यात पोषण नाही.

आता तेल. तेलातून धान्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते, हे खरे. ३००० किलोकॅलरीच्या ९८ किलो खाद्यात २ किलो तेल घातले, तर ऊर्जा ३१०० च्या वर जाते. पण प्रथिने व खनिजे तितकीच विरळ होतात. शिवाय पक्षी मुख्यतः ऊर्जेची भूक भागेपर्यंत खातो. ऊर्जा वाढली की तो खाद्य कमी खातो, आणि आधीच तोकडे असलेले खनिज त्याच्या पोटात आणखी कमी जाते. अंगावर मांस चढते, पण ते पेलणारे हाड कच्चे राहते. तिसऱ्या आठवड्यात पिले बसून खाऊ लागतात, त्याचे पुष्कळदा हेच कारण असते.

तेथे चुना उपयोगी पडत नाही. चुन्यात फॉस्फरस मुळीच नाही. जादा कॅल्शियम आतड्यात स्निग्धाम्लांशी मिळून न विरघळणारा साबण बनवते. म्हणजे पैसे देऊन घातलेले तेल विष्ठेतून बाहेर पडते. मँगॅनीजचे शोषणही त्यामुळे घटते, आणि मँगॅनीज कमी पडले की घोट्याच्या सांध्यावरील स्नायुबंध सरकून पाय वाकडा होतो. तो पुन्हा सरळ होत नाही. अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य स्वस्त मिळाले म्हणून पिलांना घालणे हाही असाच प्रकार आहे. त्यातील साडेतीन-चार टक्के कॅल्शियमने मूत्रपिंडे बिघडतात.

कोंड्यात स्वतःचे १२ ते १८ टक्के तेल असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. कच्चा धान कुटल्यावर ते थोड्याच दिवसांत खवट होऊ लागते आणि खाद्यातील अ व ई जीवनसत्त्वांचा नाश करते. तळणाचे उरलेले तेल तर मुळीच घालू नये. मोहाच्या टोळीची ढेपही, तिच्यात सॅपोनिन असल्यामुळे, कोंबड्यांना वर्ज्य समजावी.

ज्यास घरीच खाद्य करावयाचे आहे, त्याने मका व सोयाबीन ढेप यांच्या १०० किलो मिश्रणात सुमारे पावणेदोन ते दोन किलो डायकॅल्शियम फॉस्फेट, एक किलो चुनखडीची भुकटी, ३०० ग्रॅम मीठ आणि सूक्ष्म खनिजे व जीवनसत्त्वे यांचे मिश्रण पुडीवरील प्रमाणात घालावे. जनावरांचे खनिज मिश्रण येथे चालत नाही. एवढे झाल्यावर ताजे तेल एक ते दोन किलो घालावे, आणि तेही आठवड्यापुरत्याच खाद्यात. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तेलाचा खरा उपयोग आहे, कारण तेल पचताना शरीरात उष्णता कमी निर्माण होते. त्या दिवसांत खाद्य पहाटे व सायंकाळी द्यावे. करारावर पक्षी पाळणाऱ्यांनी कंपनीच्या खाद्यात स्वतःचे काहीच मिसळू नये.

मार्कंड्यास महाशिवरात्रीच्या यात्रेत गर्दी मोठी, पण तो उपवासाचा दिवस. कोंबडीला गिऱ्हाईक मिळते ते पंधरवड्यानंतरच्या धुळवडीला. त्यासाठी पिले महाशिवरात्रीच्या तीन आठवडे आधी आणावी लागतात. ग्रामसेवकांनी त्याच सुमारास घरोघरी जाऊन खाद्याच्या पोत्यात काय मिसळले जात आहे ते पाहावे. पाय वाकल्यावर जाऊन उपयोग नाही.