रकाना कुणाच्या सोयीचा?

छापील नमुन्यातील रकाना एकदा छापला की तेवढाच राहतो. भरणा-पावतीवर ‘रक्कम अक्षरी’ दाटीवाटीने लिहिण्याची सवय आपणां सर्वांनाच आहे. संगणकाच्या पडद्यावर ही अडचण सोसण्याचे वास्तविक कारण नाही.

पडद्यावरील वस्तू हाताने हलविण्याची कल्पना जुनीच आहे. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’मध्ये प्रकाशलेखणीच्या साहाय्याने आकृत्या हलवून दाखविल्या. १९६८ मध्ये डग्लस एंगेलबार्ट यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक केले. १९९१ मध्ये आलेल्या ‘व्हिज्युअल बेसिक’ने हे सामर्थ्य नमुना रचणाऱ्याच्या हाती दिले. रकान्यावर क्लिक करताच त्याच्या कडांवर आठ ठिपके उमटतात. ठिपका ओढला की रकाना लहानमोठा होतो, मधला भाग ओढला की तो जागा बदलतो. मात्र नमुना ग्राहकापुढे येतो तेव्हा हे ठिपके नाहीसे झालेले असतात. सोय रचणाऱ्याची आणि गोठलेली रचना वापरणाऱ्याची!

यातील काही अधिकार ग्राहकासही मिळावा, असे माझे मत आहे. दृष्टी मंदावलेल्या ज्येष्ठांना रकमेचा रकाना मोठा करता यावा. रोज अनेकांना पैसे पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास तपशिलाचा रकाना रुंदावता यावा.

तथापि, हा अधिकार निरंकुश नसावा. एक रकाना दुसऱ्यावर सरकून लाभार्थीचे नाव झाकले गेले, तर पैसे भलत्याच खात्यात जातील. म्हणून नाव, खाते क्रमांक व रक्कम हे रकाने झाकता येऊ नयेत, ठरावीक मापापेक्षा लहान होऊ नयेत आणि ‘मूळ रचना’ असे बटण सदैव समोर असावे. दुसरी अडचण शाखेतील आहे. दूरध्वनीवरून ‘उजवीकडचा रकाना भरा’ असे सांगणारा कर्मचारी बदललेल्या रचनेपुढे निरुपाय होईल. यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक रकान्यास कायम क्रमांक द्यावा, रकाना जाईल तेथे तो क्रमांकही जावा.

थरथरत्या हातांना माउस ओढणे कठीण जाते. ऑक्टोबर २०२३ मधील ‘डब्ल्यूसीएजी २.२’ या सुगम्यतेच्या निकषांत, ओढून होणारे काम न ओढताही करता यावे, अशी अपेक्षा आहे. तेव्हा माउसच्या जोडीला ‘मोठा करा’, ‘वर न्या’ अशी साधी बटणेही हवीत.

ग्राहकाने नमुन्याच्या मापात बसावे, हा कागदाचा नियम होता. पडद्यावर तो आपण मोडू शकतो. मात्र व्यवहाराची सुरक्षितता अढळ ठेवूनच.